शुश्रूषा करणाराच कोसळतो तेव्हा

शुश्रूषा हा शब्द आज आपण सेवा या अर्थाने योजतो. परंतु संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. शिष्याने गुरूचे ऐकावयाचे, ऐकता ऐकता त्याची सेवा करावयाची, या वाटेने तो अर्थ पालटत गेला. रोग्याच्या शुश्रूषेतही ऐकण्याला केवढे महत्त्व असते! कोठे दुखते, भूक लागली आहे की नाही, रात्री डोळा लागला की नाही, हे रोगी सांगतो आणि उशाशी बसलेले माणूस ऐकते. स्मृतिभ्रंशाच्या विकारात मात्र हे सांगणेच हळूहळू बंद पडते, आणि न सांगितलेले ओळखण्याची पाळी सोबत्यावर येते. असे अष्टौप्रहर दुसऱ्याच्या अंगाकडे कान लावून बसलेल्या माणसाला स्वतःच्या अंगाची कुरकुर ऐकू येईनाशी होते. छातीत कळ येते, पाय सुजतात, चक्कर येते. पण लक्ष जात नाही, किंवा गेले तरी 'मग पाहू' म्हणून ते बाजूला सारले जाते. या माणसाविषयी, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या पतीची वा पत्नीची निगा राखणाऱ्या सहचराविषयी, आणि त्याच्यावर एकाएकी ओढवणाऱ्या दुखण्यांविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम विकाराविषयी थोडेसे. स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणचा विसराळूपणा नव्हे. मंडईतून कोथिंबीर आणावयाची राहून जाणे वेगळे, आणि मंडईतून परत येताना वीस वर्षे राहिलेले आपले घर न सापडणे वेगळे. मेंदूच्या पेशींचा हळूहळू ऱ्हास होऊन स्मरण, भाषा, विवेक, दिशाज्ञान आणि शेवटी गिळण्यासारख्या साध्या क्रियाही ज्यांत नष्ट होतात, अशा अनेक विकारांना मिळून हे नाव आहे. त्यांतील सर्वांत मोठा विकार आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याच्या नावाने ओळखला जातो. फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात १९०१ साली दाखल झालेल्या एक्कावन्न वर्षांच्या एका स्त्रीची त्याने तपासणी केली, आणि तिच्या मृत्यूनंतर, १९०६ साली, तिच्या मेंदूत आढळलेल्या फेरफारांचे वर्णन ट्यूबिंगेन येथील सभेपुढे मांडले. त्या स्त्रीची लक्षणे, तिची उत्तरे, तिचे हस्ताक्षरसुद्धा वैद्यकाच्या इतिहासाने जपून ठेवले आहे. तिच्या पतीविषयी मात्र, तो रेल्वेत कारकून होता, जेमतेम एखाददुसरे वाक्य सापडते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पडलेला हा पायंडा आजही फारसा मोडलेला नाही. तपासणीच्या खोलीत दोघे येतात, आणि कागद मात्र एकाच्याच नावाने भरला जातो.

भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीवरून असा अंदाज निघतो, की साठ वर्षांवरील लोकांत शेकडा ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख माणसे. यांतील बहुतेक घरीच राहतात. त्यांच्यासाठीच चालविलेल्या संस्था आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नसल्या, तरी गरजेच्या मानाने नसल्यासारख्याच आहेत. तेव्हा भार पडतो तो घरच्या माणसावर, आणि मुले नोकरीनिमित्त बंगळूरला किंवा समुद्रापार गेलेली असली, म्हणजे तो एकट्या सहचरावर. सत्तरीच्या बाईंनी पंचाहत्तरीच्या यजमानांना आंघोळ घालावयाची, किंवा उलट. या दोन वाक्यांत जे सांगितले त्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. शुश्रूषा करणारे हे माणूस स्वतःही वृद्ध आहे. त्याला रक्तदाब आहे, मधुमेह आहे, गुडघे दुखतात, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकतो आहे. रुग्णालयातील परिचारिकेची आठ तासांनी पाळी संपते. येथे पाळी संपत नाही, आणि हे वर्षानुवर्षे चालते.

या दीर्घ ताणाचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हा प्रश्न अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे चिकाटीने अभ्यासला. त्यांचा १९९५ सालचा एक प्रयोग फार साधा आणि म्हणूनच फार बोलका आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची निगा राखणाऱ्या तेरा स्त्रिया त्यांनी निवडल्या, आणि त्यांच्याच वयाच्या पण अशी जबाबदारी नसलेल्या आणखी तेरा. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटर रुंदीची बारीकशी जखम वैद्यकीय उपकरणाने केली आणि ती भरून येण्यास किती दिवस लागतात ते मोजले. दुसऱ्या गटातील स्त्रियांची जखम सरासरी ३९.३ दिवसांत भरली. निगा राखणाऱ्या स्त्रियांना ४८.७ दिवस लागले. मनाचा ताण हा केवळ मनातच राहत नाही, तो कातडीपर्यंत येऊन पोहोचतो, हे दाखवावयास नऊ दिवसांचा हा फरक पुरेसा आहे.

पुढच्याच वर्षी त्यांनी असे दाखविले, की स्मृतिभ्रंशाच्या रोग्याचा सांभाळ करणाऱ्या पतिपत्नींना इन्फ्लुएन्झाची लस टोचली असता ती इतरांच्या मानाने कमी प्रमाणात लागू पडते. २००३ साली त्यांनी सहा वर्षे चाललेल्या निरीक्षणाचे फळ प्रसिद्ध केले. रक्तात इंटरल्यूकिन-६ नावाचे एक द्रव्य असते. शरीरात कोठे दाह चालू असला की ते वाढते, आणि वयाबरोबर थोडे थोडे वाढतच असते. हृदयविकार, मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. सांभाळ करणाऱ्या ११९ व्यक्तींत त्याच्या वाढीचा वेग इतर १०६ जणांच्या सुमारे चौपट आढळला. याहून विचार करावयास लावणारी गोष्ट म्हणजे, रोगी निवर्तल्यानंतरही कित्येक वर्षे हा वेग उतरला नव्हता. 'आता सुटलात, आता आराम करा,' असे लोक बाराव्या-तेराव्या दिवशी सांगतात. शरीराला ते पटलेले नसते.

मग या ताणाने माणसे खरोखरच लवकर मरतात काय? याचे उत्तर देताना थोडी सावधगिरी बाळगावयास हवी, कारण या बाबतीत घाबरविणारे आकडे फार चटकन पसरतात. पिट्सबर्गच्या शुल्झ आणि बीच या संशोधकांनी १९९९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. अपंग वा आजारी जोडीदाराची सेवा करणारी ६६ ते ९६ वयाची माणसे त्यांनी चार वर्षे पाहिली. ज्यांना सेवेचा ताण जाणवत होता, त्यांच्या मृत्यूचा संभव सेवेची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा शेकडा ६३ ने अधिक निघाला. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. त्याच निबंधातील दुसरा निष्कर्ष मात्र क्वचितच कोणी सांगतो. जे सेवा करीत होते पण ज्यांना तिचा ताण वाटत नव्हता, त्यांच्यात असा वाढलेला धोका आढळला नाही. पुढे २०१३ साली, सर्व प्रकारच्या आप्तांचा सांभाळ करणाऱ्या साडेतीन हजार माणसांच्या एका अमेरिकन पाहणीत तर त्यांचे मृत्यूचे प्रमाण इतरांहून शेकडा १८ ने कमीच भरले. दुसऱ्याच्या उपयोगी पडणे माणसाला मानवते, असा त्याचा अर्थ कोणी केला तर तो वावगा म्हणता येणार नाही.

परंतु सांभाळ आणि सांभाळ यांत अंतर आहे. आठवड्यातून दोनदा आईकडे डबा नेणे हाही सांभाळ, आणि रात्रीतून चार वेळा उठून दाराची कडी लागली आहे ना ते पाहणे हाही सांभाळच. ख्रिस्टाकिस आणि अ‍ॅलिसन यांनी २००६ साली अमेरिकेतील ५,१८,२४० वृद्ध जोडप्यांची नोंद तपासली. पत्नीला मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी रुग्णालयात ठेवावे लागले, अशा पुरुषांपैकी शेकडा ६.४ जण वर्षाच्या आत मरण पावले. पत्नीला स्मृतिभ्रंशासाठी ठेवावे लागले, अशांपैकी शेकडा ८.६. पतीच्या बाबतीत हेच झाले तेव्हा स्त्रियांत हे आकडे अनुक्रमे ३ आणि ५ होते. कर्करोगाचे नाव ऐकताच आपल्या अंगावर काटा येतो. पण जोडीदाराच्या जिवाला स्मृतिभ्रंश त्याहूनही जड जातो, असे हे आकडे सांगतात. माझ्या मते या सर्व निष्कर्षांत परस्परविरोध नाही. माणसाला पोखरते ती सेवा नव्हे. एकट्याने, विश्रांतीवाचून, अंत दिसत नसताना करावी लागणारी सेवा पोखरते.

आता प्रत्यक्ष आणीबाणीचे प्रसंग कसे येतात ते पाहू. ते बहुधा अकस्मात येत नाहीत, येऊ दिले जातात, हे कटू असले तरी खरे आहे. बाईंना पहाटे दम लागतो, पाठीत किंवा जबड्यात दुखते, मळमळते, घाम फुटतो. पुरुषांप्रमाणे छातीवर दगड ठेवल्यासारखी कळ स्त्रियांना नेहमीच येते असे नाही, त्यामुळे हे हृदयाचे दुखणे आहे हे ध्यानात येत नाही. पित्त झाले असेल म्हणून त्या लिंबाचे सरबत घेतात. शंका आली तरी दवाखान्यात जावे कसे? 'यांना कोणाजवळ ठेवू?' हा प्रश्न उभा राहतो. यजमानांना एकटे ठेवले तर ते गॅस उघडा टाकतील किंवा रस्त्यावर जातील. बरोबर न्यावे तर रुग्णालयाच्या गर्दीत ते बिथरतील. मग दुपारपर्यंत वाट पाहू, मग उद्यापर्यंत. पक्षाघाताच्या बाबतीत तर घड्याळच शत्रू असते. तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही, शब्द अडखळतात, अशी चिन्हे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सुरू होऊ शकते, आणि जितके लवकर तितका त्याचा गुण अधिक. घरातील दुसऱ्या माणसाला ही चिन्हे ओळखता येत नसतील, तर हे तास मोजणार कोण?

मधुमेहाच्या रोग्यांची गोष्ट आणखी निराळी. इन्शुलिन टोचून झालेले असते, पान वाढलेले असते, तेवढ्यात यजमान कपडे काढून गॅलरीत उभे राहिलेले दिसतात. त्यांना समजावून आत आणण्यात अर्धा-पाऊण तास जातो आणि रक्तातील साखर उतरून बाई स्वतःच घेरी येऊन पडतात. दोघांची औषधे एकाच डब्यात ठेवण्याची आपल्याकडे सर्रास रीत आहे. झोपेअभावी डोळे चुरचुरत असताना रात्री दोन वाजता पत्नीची गोळी पतीच्या आणि पतीची पत्नीच्या पोटात जाणे मुळीच अवघड नाही. मुख्य शत्रू झोपेचा अभाव हाच. या विकारात संध्याकाळ झाली की रोग्याची अस्वस्थता वाढते, तो 'घरी जाऊ' म्हणून स्वतःच्याच घराबाहेर पडू पाहतो, रात्रभर येरझारा घालतो. त्याला दिवसा डुलकी घेता येते. जागविणाऱ्याला ती घेता येत नाही.

न्हाणीघर ही आणखी एक रणभूमी. ओल्या फरशीवर पंचाहत्तर किलोंच्या माणसाला उठविताना पंचेचाळीस किलोंच्या बाईंचा तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. उठवू पाहणाऱ्याला रोगी ढकलून देतो, असेही घडते. त्यात द्वेष नसतो, भय असते. समोरची बाई कोण, ती आपले कपडे का काढते आहे, हे त्याला उमगत नसते. चाळीस वर्षे 'अगं' म्हणून हाक मारणाऱ्या माणसाने एके दिवशी 'बाई, तुम्ही कोण?' म्हणून विचारावे आणि हात उगारावा, याची जखम मोजण्याचे यंत्र ओहायोतही निघालेले नाही. दंडावरचे काळे-निळे वळ मात्र बायका लांब बाहीखाली झाकून ठेवतात, आणि डॉक्टरांनी विचारले तर दाराला लागले म्हणून सांगतात.

अंगावर काढलेली दुखणी तर किती सांगावीत? हर्नियाची शस्त्रक्रिया तीन वर्षे पुढे ढकलली जाते आणि एका रात्री आतडे अडकते. ताप आठ दिवस पॅरासिटामॉलवर रेटला जातो. रुग्णालयात दाखल केलेले माणूस दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घरी परतते, कारण घरी कोणी नाही. आणि या सगळ्याच्या खाली एक दुखणे असे असते, की ज्याचा उच्चारही होत नाही. आता दोघांनीही जावे हे बरे, असा विचार मनात डोकावू लागतो. हीसुद्धा आणीबाणीच होय, आणि छातीतील कळेइतकीच तातडीची. भारत सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. तेथे दूरध्वनी करण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

हे सर्व दुर्दैव एका माणसाचे म्हणून मी सांगत आलो. वस्तुतः ते दोघांचे असते. २०२५ सालच्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे या गावी, एका घरात जे घडले ते जगभर वाचले गेले. जीन हॅकमन हे नामवंत चित्रपट-अभिनेते पंचाण्णव वर्षांचे होते आणि त्यांचा अल्झायमरचा विकार बराच पुढे गेलेला होता. त्यांच्या पत्नी बेट्सी अराकावा या पासष्ट वर्षांच्या, मूळच्या पियानोवादक. पतीचा सांभाळ त्याच करीत. उंदरांपासून लागणाऱ्या हंटाव्हायरसच्या संसर्गाने त्यांना गाठले. हा रोग प्रथम साध्या तापासारखा भासतो आणि मग थोड्याच अवधीत फुप्फुसे पाण्याने भरतात. महिन्याच्या अकरा-बारा तारखेच्या सुमारास त्या घरातच मरण पावल्या. हॅकमन यांच्या हृदयाला बसविलेल्या यंत्राने अखेरची हालचाल नोंदविली ती अठरा तारखेला. हृदयविकाराने त्यांचा अंत झाला, आणि अल्झायमरचा त्याला हातभार लागला, असा शवपरीक्षेचा निर्णय होता. म्हणजे सुमारे आठवडाभर ते त्या घरात पत्नीच्या निर्जीव देहासह एकटे होते. ती गेली हे त्यांना कळले असेल किंवा नसेलही. कळले तरी कोणाला कळवावयाचे आणि कसे, हे त्यांच्या हाती उरले नव्हते. दोघांचे देह सव्वीस तारखेला सापडले.

पैशाची वाण नव्हती, वैद्यांची नव्हती, दूरध्वनीची तर नव्हतीच. उणीव होती ती एका तिसऱ्या माणसाची: आज सकाळी यांच्याकडून काही कळले नाही, तेव्हा जाऊन पाहिले पाहिजे, असे वाटण्याचे काम ज्याच्याकडे सोपविलेले आहे अशा माणसाची. ज्या घरात एकाचेच स्मरण शाबूत आहे, त्या घरात ते एक माणूस पडले की दोघेही पडतात.

जपानी लोकांना हा प्रसंग आपल्या आधी भेटला, म्हणून त्यांच्या भाषेत त्याला शब्दही आले. वृद्धाने वृद्धाची निगा राखणे याला ते 'रोरो काइगो' म्हणतात. आणि स्मृतिभ्रंश झालेल्यानेच स्मृतिभ्रंश झालेल्याची निगा राखणे याला 'निन्निन काइगो'. हा दुसरा शब्द ऐकून हसू येण्याचा संभव आहे, पण त्यात हसण्यासारखे काही नाही. पुण्या-मुंबईच्या, इंदूर-बडोद्याच्या जुन्या वसाहतींत फिरून पाहिले, तर हा शब्द आपल्याकडेही लवकरच लागेल असे दिसते. जुने घर, दोन म्हातारी माणसे, आणि रविवारी संध्याकाळी अमेरिकेतून येणारा मुलाचा दूरध्वनी. त्या दहा मिनिटांत आई म्हणते, 'आमचं ठीक आहे, तू तुझं बघ.' आईच्या या वाक्यावर मुलांनी विश्वास ठेवू नये, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

यावर उपाय नाही असे नाही, आणि त्यासाठी परदेशाकडेच पाहिले पाहिजे असेही नाही. गोव्यात बार्देश आणि तिसवाडी या तालुक्यांत डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाचा रोगी असलेली ८१ कुटुंबे त्यांनी घेतली. त्यांपैकी निम्म्यांकडे सहा महिने, साधारण पंधरवड्यातून एकदा, एक प्रशिक्षित कार्यकर्ती जात असे. ती डॉक्टर नव्हती, परिचारिकाही नव्हती. स्थानिक भाषा जाणणारी, थोडेफार शिकलेली आणि या कामासाठी तयार केलेली अशी ती होती. ती काय करीत असे? हा विकार कसा असतो ते घरच्यांना समजावून सांगे, रोग्याच्या विचित्र वागण्याला कसे तोंड द्यावे ते दाखवी, नातलगांपैकी आणखी कोणी हातभार लावील का ते पाही, सरकारी साहाय्य मिळण्यासारखे असेल तर त्याची वाट दाखवी, आणि गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञांना बोलावी. एवढ्यानेच सांभाळ करणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले. महागडे औषध नाही, यंत्र नाही. पंधरा दिवसांनी एकदा दार वाजते आणि कोणीतरी आपली विचारपूस करते, इतकेच.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने शुश्रूषा करणाऱ्या आप्ताला स्वतःच्या गरजांची पाहणी करून घेण्याचा हक्क मिळाला. जर्मनीत घरचा परिचारक आजारी पडला किंवा रजेवर गेला, तर त्याच्या जागी बदली माणूस ठेवण्याचा खर्च शुश्रूषा-विम्यातून मिळतो. केरळ राज्याने अंथरुणास खिळलेल्या रोग्यांच्या परिचारकांसाठी दरमहा साहाय्याची 'आश्वासकिरणम्' ही योजना काढली. रक्कम अल्प आहे, पण परिचारक नावाचे एक माणूस घरात असते एवढे तरी तिने मान्य केले. स्मृतिभ्रंशाच्या क्षेत्रात आपल्या देशात जी संघटना सर्वांत जुनी, ती अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी, तिचा जन्मही १९९२ साली केरळातच झाला.

सरकारी योजना येईल तेव्हा येवो. घरातल्या घरात आजच करण्यासारखे पुष्कळ आहे. रोग्याला तपासणीसाठी नेले जाते, त्याच दिवशी सहचरानेही स्वतःचा रक्तदाब, साखर तपासून घ्यावी. एकाच फेरीत दोन कामे होतात आणि वेगळा वेळ काढण्याची सबब उरत नाही. डॉक्टरांनीही रोग्याची विचारपूस झाल्यावर खुर्ची किंचित वळवून, 'आणि आपली झोप कशी आहे?' असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. इन्फ्लुएन्झाची लस ताणाखाली कमी लागू पडते हे मघा सांगितलेच. म्हणून ती घेऊ नये असे नव्हे, ती रोग्याबरोबर सहचराने आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही घ्यावी. दोघांची औषधे दोन निराळ्या रंगांच्या डब्यांत असावीत.

रोज सकाळी एका ठरावीक वेळी एका ठरावीक माणसाला खूण पोहोचविण्याची व्यवस्था हवी. बहीण, भाचा, शेजारच्या काकू, कोणीही चालेल. आठ वाजता एक मिस्ड कॉल. साडेआठपर्यंत आला नाही तर त्यांनी करावयाचा, आणि उत्तर न मिळाल्यास सरळ येऊन दार उघडावयाचे. त्यासाठी घराची किल्ली शेजारी असणे आवश्यक आहे. दाराला आतून घातलेली कडी या योजनेवर पाणी फिरविते. रोगी बाहेर जाऊ नये म्हणून आपण ती घालतो. तेव्हा बाहेरूनही किल्लीने उघडेल असे कुलूप बसवून घ्यावे. देशभर तातडीच्या मदतीसाठी ११२, महाराष्ट्रात आणि इतर अनेक राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या अडचणींसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत. रुग्णवाहिका बोलावताना पहिल्याच वाक्यात सांगावे, की घरात स्मृतिभ्रंशाचे दुसरे माणूस आहे, त्याला एकटे सोडता येणार नाही.

आपल्याला अचानक रुग्णालयात जावे लागले तर रोग्याजवळ कोण राहणार, हे आपण धडधाकट असतानाच ठरवावे. आणि नुसते ठरवून थांबू नये, त्याची रंगीत तालीम करावी. महिन्यातून एक दिवस त्या भाच्याला किंवा मेहुण्याला घरी बोलावून, सारा कारभार त्याच्या हाती देऊन आपण खुशाल बाहेर जावे. रोग्याला त्या चेहऱ्याची सवय होते, नव्या माणसाला काय जमत नाही ते कळते, आणि आपल्यालाही, आपल्यावाचून एक दिवस निभतो, हे समजते. हे शेवटचे मान्य करणे अनेकांना सर्वांत जड जाते, विशेषतः ज्या स्त्रियांनी जन्मभर घर एकहाती चालविले आहे त्यांना.

इंग्लंडमध्ये लायन्स क्लबांनी एक नामी युक्ती चालू केली आहे. रोग, औषधे आणि नातलगांचे पत्ते लिहिलेला कागद एका लहान बाटलीत घालून ती फ्रीजमध्ये ठेवावयाची, आणि फ्रीजवर व दाराच्या आतल्या बाजूला हिरव्या फुलीचे चिन्ह चिकटवावयाचे. फ्रीज प्रत्येक घरात असतो आणि पटकन सापडतो, म्हणून तेथे. आपल्याकडे बाटलीही नको. फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरांतला कागद पुरे. त्यावर दोघांचीही नावे, दोघांचीही औषधे, दोन-तीन दूरध्वनी-क्रमांक असावेत. पण तेवढ्याने भागत नाही. नव्या माणसाच्या हाती रोगी पडला म्हणजे त्याला औषधांच्या यादीपेक्षा निराळ्याच गोष्टी हव्या असतात. यजमानांना 'अण्णा' म्हटले की ते ओ देतात, 'आजोबा' म्हटले तर चिडतात. चहा बशीत ओतून द्यावा लागतो. न्हाणीघरातला दिवा आधी लावला नाही तर ते आत पाऊल टाकीत नाहीत. संध्याकाळी घरी जाऊ म्हणू लागले तर नाही म्हणू नये, चपला घालून गच्चीपर्यंत फिरवून आणावे. त्या दोघांच्या संसारात एकालाच ठाऊक असलेल्या या गोष्टी कागदावर उतरल्या पाहिजेत. कागदाखाली तारीख घालावी, आणि दर तीन महिन्यांनी तो नव्याने लिहावा. कारण गेल्या दिवाळीला जे माणूस आपल्या हाताने जेवत होते, त्याला पाडव्यापर्यंत भरवावे लागत असते.